सूर आणि त्याचा शेजार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. पेटीवर प्रात्यक्षिक झालं तिथे कंसात तशी नोंद केली आहे.)

सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं होतं की, तुम्ही बँकेतले, तेव्हा ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी या विषयावर वीस मिनिटं बोला. मी म्हटलं, साहेब, ठेवींवर मी छत्तीस वर्षं बोललो, आता एकदा पेटीवर बोलू द्या. ते जरा बिचकले. पण पंचवीस वर्षांचा शेजार आहे, नाही म्हणवेना त्यांना.

तर आज मी सुराबद्दल बोलणार आहे. एखादा सूर "बरोबर" आहे की "चूक" हे आपला कान कसं ठरवतो, एवढाच विषय आहे. मी गवई नाही, शास्त्रीबुवाही नाही. हौशी पेटीवाला आहे. आणि हा विषय घेण्याचं कारण घरगुती आहे, ते आधी सांगून टाकतो.

आपल्या सोसायटीचा पहिला गणपती ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. हा हॉल तेव्हा नव्हता. पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, लाईट गेली म्हणून ए विंगमधून वायर ओढली होती. त्या दिवशी आमच्या सौ.नी भूप रागावरचं एक भजन म्हटलं आणि पेटीवर मी होतो. भजन संपलं, टाळ्या पडल्या, प्रसाद झाला. आणि घरी आल्यावर चपला काढता काढता मी तिला म्हटलं, "गाणं चांगलं झालं, पण तुझा गंधार उतरतो."

ती म्हणाली, "मला तर नाही वाटला."

मी म्हटलं, "चल, दाखवतो." आणि पेटी उघडली. पट्टी दाबायची, तिला सूर लावायला सांगायचं. सा बरोबर. पंचम बरोबर. गंधार आला की पेटीच्या थोडासा खाली. पाच वेळा केलं, पाचही वेळा खाली. आम्ही पडलो ऑफिसर, पुरावा हातात आल्यावर सोडतो कशाला! मी म्हटलं, "बघ, पेटी खोटं बोलत नाही."

त्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी गणपतीत कमिटीनं नाव मागितलं तर म्हणाली, घसा बरा नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पाहुणे होते. मग कुणी विचारेनासं झालं. मंडळी, या गोष्टीला वीस वर्षं झाली तरी मला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. आज जे सांगणार आहे ते मला फार उशिरा कळलं.

आधी एक प्रयोग करू. ही माझी जुनी पेटी. हिच्या प्रत्येक सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. मी पांढऱ्यांना हातच लावणार नाही. मोबाईलवर तानपुरा लावतो, आधी काळी तीनचा. आता तिथूनच सुरू करून नुसत्या काळ्या पट्ट्या वर जाऊन खाली येतो.

(प्रात्यक्षिक. सभेतून "भूप, भूप" असे आवाज.)

बरोबर, भूप. लहान मुलांनाही शिकवतात तो प्रसन्न राग. आता पेटी जशीच्या तशी. मोबाईलवरचा तानपुरा फक्त काळी पाचला नेतो. पट्ट्या त्याच, क्रम तोच, बोटंही तीच. ऐका.

(प्रात्यक्षिक. काही क्षण कुणी बोललं नाही. मग सी विंगमधल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "हे तर गंभीर झालं एकदम. मालकंस का?")

शाबास बाई. हा मालकंस. मध्यरात्रीकडे झुकणारा राग. आता घरी जाऊन कुणालाही करून बघता येईल: तानपुरा काळी एकला लावला तर याच पट्ट्यांतून दुर्गा ऐकू येतो, काळी दोनला लावला तर धानी, आणि काळी चारला लावला तर मधमाद सारंग. जुने लोक याला मूर्च्छना म्हणतात.

आता विचार करा. पेटीतून येणारा आवाज काडीइतकाही बदलला नाही. काळी पाचची पट्टी मघाशी भूपाचा गंधार होती, आता मालकंसाचा सा झाली. मघाशी ती ऐकून "अजून पुढे जायचंय" असं वाटत होतं, आता "घरी आलो" असं वाटतं. सूर तोच, शेजार बदलला. पेढा खाऊन चहा प्यायलात तर चहा अगोड लागतो, चहात साखर तेवढीच असते. तसंच हे.

आपल्यातल्या बहुतेकांचा कान सुराचा नुसता आकडा लक्षात ठेवत नाही. एखादं गाणं बाईंनी वरच्या पट्टीत म्हटलं आणि बुवांनी खालच्या पट्टीत म्हटलं तरी आपण ते एकच गाणं म्हणून ओळखतो. म्हणजे कान लक्षात ठेवतो ते नातं. हा सूर सा पासून किती लांब, कोणानंतर आला, कुठे थांबला, किती वेळ थांबला.

भूप आणि देशकार घ्या. दोघांचे पाच स्वर तेच, आणि सा पण तोच. पण भूप गंधाराभोवती फिरतो आणि देशकार वर धैवतावर मुक्काम करतो. तेवढ्यावर जाणकाराला सकाळ आणि संध्याकाळ वेगळी ऐकू येते. मारवा तर याहून खोडकर. त्यात गाणारा सा ला मुद्दाम टाळत राहतो. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावरच इतका रेंगाळतो की तानपुरा शेजारी वाजत असूनही ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे समजेनासं होतं. एक हुरहूर लागते. आणि मग गवई हळूच सा वर येतो तेव्हा सभेतून "आहा" येतं. सा काही नवीन नव्हता, पहिल्यापासून कानावर पडतच होता. त्याला महत्त्व आलं ते आजूबाजूच्या सुरांनी वाट पाहायला लावल्यामुळे.

यावर परदेशात प्रयोगही झालेत. 1984 साली कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रमहान्सल या तीन संशोधकांनी आपल्या रागांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्यांना रागाचे सूर ऐकवायचे आणि नंतर सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एकेक वाजवून विचारायचं, हा इथे कितपत बसतो? ऐकणाऱ्यांत आपल्या संगीतावर वाढलेले लोक होते तसे पाश्चात्य लोकही होते. सा आणि पंचम दोघांनीही वरच्या क्रमांकावर ठेवले, आणि जो स्वर रागात जास्त वेळ वाजला तोही. म्हणजे अनोळखी कानसुद्धा थोड्या वेळात इथला मालक कोण, भाडेकरू कोण, पाहुणा कोण हे ओळखतो. पण थाटाची जी जाण असते, म्हणजे अमुक स्वर या कुटुंबातला आणि तमुक बाहेरचा, ती मात्र आपल्या संगीतावर पोसलेल्या कानांतच दिसली. एक संदर्भ समोर वाजत असतो आणि दुसरा आपण लहानपणापासून डोक्यात घेऊन हिंडतो.

आता माझ्या पेटीकडे वळू, कारण आरोपी तीच आहे. की मी?

मंडळी, पेटीचं गणित आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चक्रवाढ व्याज! सा पासून वरच्या सा पर्यंत कंपनं बरोबर दुप्पट होतात. मधे बारा टप्पे. पेटीत प्रत्येक टप्प्याला तोच दर लावलेला असतो, साधारण 5.946 टक्के. बारा हप्ते चक्रवाढीनं गेले की मुद्दल दामदुप्पट. आम्ही बँकेत 72 चा नियम सांगायचो: 6 टक्क्यांनी पैसे सुमारे 12 वर्षांत दुप्पट. तोच हा नियम. दर सगळीकडे सारखा असल्यामुळे पेटीवर कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येते. सोय मोठी आहे.

पण निसर्ग चक्रवाढीनं चालत नाही. तो साध्या अपूर्णांकांनी चालतो. जुन्या पुस्तकांत सोयीसाठी सा 240 कंपनांचा धरतात. मग पंचम दीडपट, म्हणजे 360. गंधार सव्वापट, म्हणजे 300. आणि पेटीत? 240 ला 5.946 टक्के दरानं सात हप्ते लावले की पंचम येतो 359.6. ठीक आहे, चाळीस पैशांचा फरक कुणी मनावर घेत नाही. पण चार हप्ते लावले की गंधार येतो 302.4. तो मात्र चढलेला आहे.

हा सव्वापटीचा गंधार काही पुस्तकातला नाही. तो तानपुऱ्यात राहतो. 1980 च्या दशकात मी तीन वर्षं मिरज शाखेत होतो. तिथल्या सतारमेकर गल्लीत कर्जाच्या तपासणीसाठी जावं लागायचं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार मंडळींनी, म्हणजे मुळात तलवारींना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि मिरजेचे तानपुरे देशभर गेले. एका दुकानात एक वयस्कर कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावत बसले होते. मी आपला साहेबी थाटात विचारलं, "चाचा, तारा चार. दोन सा, एक खर्ज, एक पंचम. मग हा गंधार कुठून ऐकू येतो?" ते हसून म्हणाले, "साहेब, मी तो लावत नाही. तो तारेतच असतो. मी फक्त त्याला वाट करून देतो." मी मान डोलावली आणि स्टॉक रजिस्टरवर सही केली. अर्थ कळायला पुढे पस्तीस वर्षं गेली.

अर्थ असा. खर्जाची तार समजा 120 कंपनांची आहे. पण तार नुसती 120 नं थरथरत नाही. तिच्यात 120 चे पटही वाजत असतात: 240, 360, 480, 600. यातले 600 म्हणजे 300 ची दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. जवारी नीट लागली की हा पाचवा पट स्वच्छ ऐकू येतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता शेजारी पेटी वाजली तर तिच्या गंधाराची दुप्पट होते 604.8. हे दोन एकमेकांवर आले की सेकंदाला चार-पाच वेळा आवाज कमीजास्त होतो, लाट आल्यासारखा. नुसती पेटी वाजत असेल तर तिचा गंधार छान वाटतो. तानपुऱ्याच्या शेजारी तोच बोचतो.

कान किती चलाख असतो याचं एक उदाहरण जाता जाता. आपल्या जुन्या टेलिफोनवरून साधारण 300 ते 3400 कंपनांमधलाच आवाज जायचा. पुरुषाचा आवाज असतो 120 च्या आसपास. म्हणजे माझा मूळ सूर तारेतून जातच नव्हता. तरी आमच्या मातोश्रींना गावी फोनवर माझा आवाज माझाच वाटायचा. वरचे पट पोचायचे, आणि त्यांच्यावरून कान मूळ रक्कम काढायचा. व्याजाच्या नोंदी पाहून मुद्दल काढावं तसं. मघाशी या मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून तुम्हाला जो खर्ज ऐकू आला, तोही बहुतांशी तुमच्याच कानानं बांधलेला होता.

पेटीचं हे भांडण जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे माझ्यासारखेच पेन्शनर, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी 1910 साली 22 श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ स्वतः गायले होते. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीशही या कामात उतरले, आणि श्रुती वाजवणारी खास पेटी तयार झाली. 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथेही श्रुतींवर चर्चा रंगली. पुढे 1940 साली रेडिओनं पेटीवर बंदीच घातली, आणि ती सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. तरी गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली होती, ती काही गेली नाही. आता "गंधार ट्यूनिंग" केलेल्या पेट्या मिळतात. त्यांत गंधार खाली उतरवून नैसर्गिक केलेला असतो. पण मग ती पेटी एका ठरलेल्या सा लाच गोड वाजते. सा बदलला की हिशोब बिघडतो. म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय द्यायला गेलं तर प्रत्येकावर थोडा अन्याय होतो, आणि एकालाच पूर्ण न्याय दिला तर बाकीचे तक्रार करतात. पार्किंगचं वाटप आठवलं ना?

तुम्ही म्हणाल, मग 300 हाच खरा गंधार आणि संपला विषय. तसंही नाही. 1963 साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी आपल्या नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतले सूर यंत्रावर मोजले. यमनमधला गंधार कलाकारागणिक वेगळा निघाला, इतकंच काय, एकाच कलाकाराचा एकाच मैफलीतही थोडा वरखाली सापडला. आणि हे सगळे असे लोक की ज्यांना सुरेल म्हणायला कुणाची हरकत नव्हती. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार मोजायला जा, काटा एका जागी थांबतच नाही, आणि ऐकणाऱ्याचा जीव मात्र तिथेच थांबतो. तेव्हा सुराची जागा म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर नव्हे. गाणारा सुरावर कुठून आला आणि कुठे निघालाय, यावरही ती ठरते.

मग बेसूर असं काही नसतंच का? असतं, नक्की असतं! एकदा संदर्भ ठरला की कान फार कडक होतो. तानपुरा वाजत असताना सा जरा हलला तरी गाण्यातलं काही न कळणारा माणूससुद्धा कपाळाला आठी घालतो. मी एवढंच म्हणतोय की निकाल देण्याआधी, समोरचा कुठल्या सा वर उभा आहे, त्याच्या कानात काय वाजतंय, हे विचारायला हवं.

ते मी विचारलं नाही. आता पुन्हा घरी येतो.

लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात कोंडलेले. नातवानं माझ्या मोबाईलवर सूर मोजण्याचं एक ॲप घालून दिलं. गाणाऱ्याचा सूर कुठे लागला ते आकड्यात दाखवतं, वर गेला तर अधिक, खाली गेला तर उणे. पेटीतल्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग धरतात. एक दिवस सौ. नातवाच्या मोबाईलवर तानपुरा लावून देवापुढे बसून हलक्या आवाजात गात होती. मी ॲपमध्ये तिचा सा भरला आणि दाराआड उभा राहून बघू लागलो. चोरून ऑडिट म्हणा. सा शून्य. पंचम उणे-अधिक एक-दोन. गंधार उणे चौदा. पुन्हा आला, उणे तेरा. पुन्हा, उणे चौदा. मग उणे पंधरा, पुन्हा चौदा.

मंडळी, माझं आयुष्य ताळा जमवण्यात गेलं. कॅशमध्ये एक दिवस दहा कमी, एक दिवस वीस जास्त आले तर समजावं की माणूस चुकतोय. पण फरक रोज तोच येत असेल तर माणूस चुकत नसतो. दोन वह्यांची पद्धत वेगळी असते. हे मी कितीतरी नव्या कॅशियरना शिकवलंय. आणि घरात मला ते सुचलं नव्हतं.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. सव्वापटीचा गंधार आणि पेटीचा गंधार यांतलं अंतर काढलं. शंभरातले चौदा भाग. अगदी तोच आकडा.

तिनं लहानपणी सांगलीला एका बाईंकडे सात वर्षं तानपुऱ्यावर गाणं शिकलेलं. तिच्या कानात तोच गंधार बसलेला. त्या पहिल्या गणपतीत तानपुरा नव्हता, पण तिच्या डोक्यात तो वाजत होता. मी पेटीची वही पुढे केली आणि तिच्या वहीत चूक काढली. एका वहीवरून दुसऱ्या वहीला खोटं ठरवलं, आणि ऑडिटरही मीच!

सकाळी चहाच्या वेळी तिला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून सगळा हिशोब वाचला. मग म्हणाली, "अहो, हे मला तेव्हाही माहीत होतं. आकडे माहीत नव्हते, एवढंच." मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" त्यावर म्हणाली, "तुम्ही पेटी उघडली होती ना. त्यापुढे काय बोलणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. बँकेत अशा रकमेला बुडीत म्हणतात. ती वीस वर्षं तशीच आहेत. त्यांच्यावर व्याज मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही.

यावर नियतीनं केलेली एक गंमतही सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा कान अधू झाला. हे यंत्र तेव्हापासूनचं. एक दिवस पेटी वाजवताना लक्षात आलं की तीच पट्टी उजव्या कानाला किंचित चढी ऐकू येते आणि डाव्याला नेहमीसारखी. मला वाटलं पेटी बिघडली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका कानाचं ऐकणं कमी झालं की असं होऊ शकतं, दोन कान एकाच सुराबद्दल वेगवेगळं सांगतात. म्हणजे पेटी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच दोन कानांत आता एकवाक्यता नाही. हल्ली सूर लागला की नाही हे मी सौ.ना विचारतो. त्या मान हलवतात किंवा हलवत नाहीत. त्यावर अपील नाही.

तुमच्यातही कुणी असेल की ज्याला शाळेत बाईंनी समूहगीतातून बाजूला काढलं, नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं. आपल्या सोसायटीतच मला असे तिघे-चौघे माहीत आहेत. कदाचित तुम्हाला पट्टीच जमणारी नव्हती. वर्गाची पट्टी काळी चार आणि तुमचा आवाज पांढरी एकचा. तुमचा सा कुणी विचारलाच नाही. आणि घरात एखादं पोर गुणगुणत असेल तर लगेच मोबाईल काढून त्याचा सूर मोजू नका. त्याला आधी सा द्या, बराच वेळ द्या, मग ऐका.

या भाषणानंतर सौ.नी गावं असं मी सुचवून पाहिलं होतं. त्या नाही म्हणाल्या. सत्तरी उलटली, आवाज खाली आला, आता गाण्याची हौस नाही, असं म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. पण एक गोष्ट त्या आपणहून म्हणाल्या, ती कमिटीच्या परवानगीनं इथे जाहीर करतो. पुढच्या शनिवारपासून संध्याकाळी पाच वाजता, या हॉलमध्ये, मिरजेहून मागवलेला खरा तानपुरा घेऊन त्या तासभर बसतील. लहानथोर कुणीही यावं. फी नाही, परीक्षा नाही. पहिला महिनाभर फक्त सा लावायचा आणि ऐकायचं.

मी शेवटच्या खुर्चीवर बसेन. पेटी आणणार नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी वीस मिनिटं दिली होती, मी तीस घेतली. ठेवींबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर भेळ खाताना विचारा, दर पाठ आहेत.